प्लंबरचे ओके

माणसाप्रमाणे शब्दाचेही कूळ पाहूनच त्याला उंबऱ्याच्या आत घ्यावे, अशी रीत असती, तर ‘ओके’ या शब्दाला मी दारातूनच परत पाठवले असते. त्याचा जन्म मुळी थट्टेतून झाला. शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि मग त्यांची आद्याक्षरे वापरायची, असे एक खूळ १८३९च्या सुमारास अमेरिकेतील बॉस्टनच्या वृत्तपत्रांत शिरले होते. त्याच भरात ‘ऑल करेक्ट’चे ‘ओल कोरेक्ट’ झाले आणि त्या वर्षीच्या २३ मार्चला ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओके’ छापून आले. म्हणजे ‘सर्व काही बरोबर’ असे सांगणाऱ्या शब्दातली दोन्ही अक्षरे चूक! पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी, ते किंडरहूक गावचे म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’ असा अर्थ लावून, हीच अक्षरे प्रचारात मिरवली. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले. शब्द मात्र निवडून आला.

एवढे वाचायला मला सवड मिळाली, ती प्लंबरची वाट पाहताना.

न्हाणीघरातला नळ गळत होता. “उद्या सकाळी दहाला या,” असे मी फोनवर सांगितले आणि पलीकडून तत्परतेने “ओके” आले. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, बारा वाजले, बादली भरली, ओतली, पुन्हा भरली. संध्याकाळी फोन केला, तेव्हा त्याने पुन्हा तेवढ्याच प्रसन्नपणे “ओके” म्हटले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की या शब्दाचा अर्थ ‘येतो’ असा नसून ‘तुमचा आवाज नीट ऐकू आला’ एवढाच आहे. आमच्या वडिलांच्या काळी कारागीर “बघतो” म्हणत असे. तेही टाळणेच होते, पण प्रामाणिक होते. “बघतो” ऐकले, की माणूस निमूटपणे दुसरा कारागीर शोधायला निघत असे.

‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे वाहनांच्या पाठीवर रंगवण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मनाई केली. ती अजूनही रस्तोरस्ती दिसतात, त्यावरून हुकूम ऐकून ट्रकवाल्यांनीही “ओके” म्हटले असावे, असा माझा कयास आहे.

अखेरीस प्लंबर आला. वॉशर बदलायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. त्याने सहाशे रुपये सांगितले. घासाघीस करण्याचे त्राण उरले नसल्यामुळे मी “ओके” म्हणालो. पिशवी उचलता उचलता तो थबकला आणि संशयाने माझ्याकडे पाहत म्हणाला, “ओके नको साहेब, आत्ता देताय का ते सांगा.”