‘सरकारी मटका’ म्हणणाऱ्या वाचकास

परखड महोदय,

राज्य लॉटरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “सरकारी मटक्याला लोककल्याणाचा टिळा लावणारे लेखक पाहिले की कीव येते. महाराष्ट्राची लॉटरी देशात पहिली, हेही खोटं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लॉटरीला जुगारच म्हटलं. ऑनलाइन लॉटरीने घरं बसली, त्यावर अवाक्षर नाही.”

चूक आधी मान्य करतो. पहिला मान केरळचा. त्यांनी १९६७ साली लॉटरी खातं काढलं, २६ जानेवारी १९६८ ला पहिली सोडत झाली. तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस पन्नास हजारांचं. आपली लॉटरी एप्रिल १९६९ ची. लेखात दुरुस्ती केली आहे. पण चुकीला ‘खोटं’ म्हणायचं कारण काय? आणि कीव कसली करता? मतभेद असेल तर मतभेद म्हणा. टोपणनावाआडून असं बोलणं सोपं असतं.

आता ‘सरकारी मटका’. हा शब्द मला लागला, कारण मटका मी घरात पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लावण्यातून तो आला. १९६१ साली ते भाव यायचे बंद झाले, मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. माझे वडील लालबागला गिरणीत होते. रात्री ओपन, म्हणजे पहिला आकडा, मध्यरात्री क्लोज, म्हणजे दुसरा. तोवर ते चाळीच्या गॅलरीत बसून राहायचे, काड्यापेटीच्या पाठीवर आकडे मांडत. पगाराच्या दिवशी आई गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, कारण घरापर्यंत पाकीट शाबूत यायचं नाही. बुकी उधारीवरही आकडा घ्यायचा. चार आणे लावा नाहीतर अख्खा पगार, रोज लावा, कोणी अडवायचं नाही.

लॉटरीचं तिकीट छापील, त्यावर किंमत, सोडतीची तारीख, निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात. लोकांना मटक्यापासून वळवायचं हाच तर लॉटरी सुरू करण्यामागचा एक हेतू होता. १९९८ चा केंद्राचा कायदा वाचा: एका अंकावर बक्षीस लावता येत नाही, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात भरावा लागतो. बुकीच्या वहीतून कुठल्या शाळेचं छप्पर झालं, सांगा.

माझ्या काकांची तीन बोटं गिरणीत गेली. नंतर त्यांनी दादर स्टेशनबाहेर लॉटरीचं टेबल टाकलं, सुतळीला चिमटे लावून तिकिटं टांगायचे. १९८२ च्या संपात वडील घरी बसले, तेव्हा दोन्ही घरांचा किराणा त्या टेबलावर आला आणि माझी दहावीची फीसुद्धा. त्या माणसाला तुम्ही मटकेवाला म्हणताय, दुसरं काय?

लोककल्याणाच्या ‘टिळ्या’बद्दल एवढंच, की प्रोफाइलला तुम्ही मुंबईच्या ज्या एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांचा फोटो लावला आहे, त्याच्या इमारतीसाठी, म्हणजे टाउन हॉलसाठीही आधी लॉटरीतूनच पैसा उभा केला होता. तो पुरला नाही, सरकारने भर घातली आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. केरळने २०११ साली कारुण्य लॉटरी काढली ती गरिबांच्या औषधोपचारासाठी. हासुद्धा टिळाच का?

न्यायालयाने जुगार म्हटलं, खरं आहे. राज्यांनी लॉटरी चालवूच नये, असं मात्र म्हटलेलं नाही. ऑनलाइनचा विषय वेगळा, माझा लेख कागदी तिकिटाचा होता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. वाद घालायचा तर आकडे आणि कायदा घेऊन या, मी उत्तर देईन. ‘कीव’ पुन्हा आली तर मात्र काढून टाकेन.