अर्धवटच सोडायचं होतं, तर सुरू कशाला केलंत?

टीव्हीसाठी काढलेला सिनेमा हा सिनेमा आहे की पुढच्या मालिकेची जाहिरात, हे एकदाचं ठरवा आणि सुरुवातीलाच पडद्यावर लिहून टाका. आमचा वेळ घ्यायचा, जीव टांगणीला लावायचा, ‘खरी गोष्ट आता सुरू होणार’ असं सांगायचं आणि मग त्या गोष्टीचाच गळा दाबायचा, हा कुठला न्याय? ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेवरून टीव्हीसाठी काढलेल्या ‘अ कॉल टू आर्म्स’ या सिनेमाच्या नावाने मी कित्येक वर्षं हेच बोलतोय. फोंड्यात माझ्या ओळखीचं कुणी उरलं नसेल ज्याने हे ऐकलं नाही, तरी राग जात नाही.

‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळात घडणारी अमेरिकन मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1994 ते 1998, पाच पर्वं, 110 भाग, आणि त्यातले 92 एकट्या जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने लिहिलेले. पाच वर्षांची गोष्ट आधीच मनाशी पक्की करून मग सांगायला घेतली होती. पहिल्या पर्वात कुणी जाता जाता बोललेलं वाक्य तिसऱ्या पर्वात अंगावर काटा आणायचं. धीर धरायची सवय आम्हाला याच मालिकेने लावली. थांबा, उत्तर मिळेल. आणि मिळायचं! म्हणून तर डोळे झाकून विश्वास टाकला.

चौथ्या पर्वानंतर मालिका बंद पडायची वेळ आली तेव्हा टीएनटी वाहिनीने ती उचलली आणि पाचवं पर्व होऊ दिलं. तेवढं श्रेय त्यांना देतो. पण मग 3 जानेवारी 1999 ला त्याच वाहिनीने ‘अ कॉल टू आर्म्स’ दाखवला, आणि हा सिनेमा बनवलाच होता मुळी ‘क्रुसेड’ नावाच्या नव्या मालिकेचं दार उघडण्यासाठी.

सिनेमा वाईट आहे का? अजिबात नाही, आणि तिथेच तर जळतं. ड्राख नावाचे शत्रू पृथ्वीच संपवायला निघालेत. मूळ मालिकेचा नायक शेरिडन, त्याच्याकडे दोन नवीकोरी अंतराळ-जहाजं, एक्सकॅलिबर आणि व्हिक्टरी, दोन्ही अजून चाचणीतली. एक्सकॅलिबरची मुख्य तोफ एकदा डागली की मिनिटभर जहाजात ताकदच उरत नाही, नुसतं लुळं होऊन पडतं. शत्रू समोर आणि आपण हात बांधून बसलेले! ते एक मिनिट पुन्हा पाहतानाही मी खुर्चीच्या कडेला येतो. व्हिक्टरीचा बळी जातो, पृथ्वी वाचते, आपण श्वास सोडतो, आणि तेवढ्यात हरता हरता ड्राख पृथ्वीच्या हवेत रोग सोडून देतात. पाच वर्षांत तो माणसाच्या शरीराशी जुळवून घेणार आणि मग एकही माणूस शिल्लक राहणार नाही. औषध शोधायला एक्सकॅलिबर निघणार. संपला सिनेमा.

गेल्या पावसाळ्यात भाच्याला दाखवला. दहावीतला पोरगा, एरवी मोबाइलवरून मान वर करत नाही, पण शेवटची वीस मिनिटं हललासुद्धा नाही. नावं वर सरकायला लागली तसं विचारतो, “मामा, मग औषध सापडतं ना?”

काय सांगू त्याला? की बाबा, वाहिनीने ‘क्रुसेड’चा पहिला भाग दाखवायच्या आधीच मालिका रद्द करून टाकली? हे खरंच असं झालंय. जानेवारीत सिनेमा, 9 जूनला मालिकेचा पहिला भाग, आणि मधल्या महिन्यांतच निकाल लागून गेलेला. तेरा भाग तयार होते तेवढे दाखवले आणि हात झटकले. प्रेक्षकाला आवडली की नाही हे बघायचीसुद्धा गरज वाटली नाही.

आणि त्या तेरा भागांचे तरी हाल बघा. पाच भाग चित्रित झाल्यावर काम थांबवलं, वाहिनीला वेगळी सुरुवात हवी झाली, मधेच गणवेश बदलले. जे भाग आधी चित्रित केले ते दाखवले शेवटी. नवा प्रेक्षक गोंधळून जाणार नाही तर काय? स्वतःच घोळ घालायचा आणि मग ‘मालिका जमली नाही’ म्हणायचं. शिवाय मालिकेचा कप्तान गिडियन सिनेमात औषधालाही नाही. मालिकेतल्या पात्रांपैकी गेलन आणि ड्युरिना तेवढे भेटतात. ज्याच्या जिवावर अख्खी मालिका उभी करायची तोच दिसत नाही, मग सिनेमा बघून मालिकेकडे येणाऱ्या माणसाने कुणाचा हात धरायचा?

म्हापशाचा माझा आत्येभाऊ म्हणतो, “कित्याक तकली तापयता? सिनेमाच न्हय तो!” म्हणजे, कशाला डोकं तापवतोस, सिनेमाच तर आहे! बरं. आमच्याकडे जत्रेला रात्रभर नाटक असतं. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळी बसलेली असतात. दुसऱ्या अंकानंतर समितीने पडदा पाडून ‘पैसे संपले, घरी जा’ म्हटलं तर हाच आत्येभाऊ गप्प उठून गाडी काढेल? पहिला आवाज त्याचाच असेल! गावात जे चालणार नाही ते टीव्हीवाल्यांचं मात्र आपण निमूट गिळायचं.

आणि हे एकदा होऊन थांबलं असतं तरी समजलो असतो. 2002 मध्ये ‘लेजंड ऑफ द रेंजर्स’ आला, पुन्हा सिनेमा, पुन्हा पुढच्या मालिकेची आशा, आणि मालिका आलीच नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’वाल्यांचं ‘कॅप्रिका’ 2010 मध्ये मधेच काढून टाकलं आणि उरलेले भाग पुढच्या जानेवारीत एका दिवसात उरकले. ‘स्टार ट्रेक’मध्ये तर उलटंच: ‘सेक्शन 31’ ची मालिका होणार म्हणून 2019 मध्ये गाजावाजा, आणि 2025 मध्ये हातात पडला एकच सिनेमा. खेळ तोच. आमची ओढ वापरायची, आणि हिशेब जुळला नाही की आम्हाला वाऱ्यावर सोडायचं.

एवढं करून जुनं काही धड बघायला तरी मिळतं का? पैसे भरून ॲप घेतलं, नाव शोधलं, तर ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’. वर्गणी घेताना प्रदेश आडवा येत नाही, तेव्हा गोवा बरोब्बर दिसतो!

लोक सांगतात, स्ट्रॅझिन्स्कीने म्हटलंय की रोगाचा प्रश्न पाच वर्षं ताणायचा नव्हताच, आधीच सुटणार होता आणि मोठी गोष्ट वेगळीच होती. माहीत आहे मला. त्याने उलट जास्त त्रास होतो! म्हणजे त्या माणसाकडे सगळं तयार होतं. चित्रित न झालेल्या तीन पटकथा लिहून पडल्या होत्या. त्यातल्या ‘एंड ऑफ द लाइन’च्या शेवटी गिडियनला गोळी लागते. तिथेच पान संपतं. भाच्याने तेही विचारलं, गोळी लागल्यावर पुढे काय. आता रद्द करणाऱ्यांपैकी कुणीतरी या पोराला फोंड्याला येऊन सांगा, तो कप्तान जगला की मेला?