रोज रात्री तीच रील

धाकटीचं लग्न मे महिन्यात, लातूरला. दोन महिन्यांपासून रोज रात्री जेवणं झाली की तिचा मोबाईल माझ्या नाकापुढे. "ताई, असं करू या ना!" काय, तर उदयपूरच्या तलावाकाठचा मांडव आणि छतभर पांढरी फुलं. अगं, आपलं कार्यालय पत्र्याचं, बाहेर बेचाळीस डिग्री. ती फुलं अक्षता पडायच्या आत माना टाकतील!

काल तर कहरच झाला. हळदीला नवरा-नवरीवर पाण्याचे फवारे. २०१६ साली आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा आम्ही दोघी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत तासन् तास उभ्या राहिलोय. आणि आता हौसेसाठी टँकर सांगायचा? जीव जळतो माझा. राग तिच्यावर नाही, एक रील दोनदा बघितली की तसल्याच पन्नास समोर ढकलणाऱ्या त्या इन्स्टाग्रामवर आहे.

आईनं तिच्यासाठी पैठणी घेऊन ठेवलीय, हातमागावरची. पैठण काही परमुलखात नाही, आपल्याच मराठवाड्यात आहे. पण हिला फिकट गुलाबी लेहंगाच पाहिजे, फोटोत छान दिसतो म्हणे. आज आईनं घडी उलगडून पदराची उलटी बाजू दाखवली. मागूनही मोर तसाच, एक धागा लोंबत नाही. ती "हं, छान आहे" म्हणाली आणि अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवत राहिली. आईनं गुपचूप घडी घातली.