जहाज सोडून चाळीस वर्षं झाली, तरी तपासणी टाळू नका

निवृत्त नौसैनिकांत एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातोय. जुन्या जहाजांवरच्या अ‍ॅस्बेस्टॉसचा (उष्णता अडवायला नळ्यांना गुंडाळायच्या तंतुमय खनिजाचा) धोका फक्त बॉयलर रूमवाल्यांना होता, तीस-चाळीस वर्षं काही झालं नसेल तर सुटलात, आणि बिडी-सिगरेट ओढत नसाल तर निर्धास्त राहा, असं त्यात म्हटलंय. यावर विसंबून कोणी तपासणी टाळली तर ते जिवावर बेतेल, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा वर्षांचा. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तंतू श्वासात गेल्यापासून साधारण २० ते ५० वर्षांनी उघडकीला येतो. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी जहाजावर असलेल्या माणसाची मुदत अजून संपलेली नाही. धूळ अंगावर घेतलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असं नाही, पण ‘सुटलात’ असं कोणीही सांगू शकत नाही.

बॉयलर सांभाळणाऱ्या स्टोकरांना धोका जास्त होता, हे खरं. पण वाफेच्या नळ्या बॉयलर रूमच्या बाहेरही जात, काही तर मेसडेकच्या, म्हणजे खलाशांच्या राहायच्या जागेच्या, छतावरून, झोपायच्या बंकांच्या वरून. रिफिटमध्ये, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीत, गळका व्हॉल्व्ह काढायचा तर आधी त्यावरचं लॅगिंग (अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण) फोडावं लागे. कोंदट जागेत ती धूळ शेजारी काम करणाऱ्या वेल्डरच्या, इलेक्ट्रिशियनच्या, रंगाऱ्याच्याही नाकात जाई. मळलेली डांगरी (कामाचे कपडे) घरी झटकून धुणाऱ्या बायकोलाही ती सोडत नसे. अमेरिकन नौदलाचे माजी प्रमुख अ‍ॅडमिरल एल्मो झुमवाल्ट २००० साली मेसोथेलिओमानेच गेले.

आपलं काय? ‘विक्रांत’ १९४३ साली ब्रिटनमध्ये बांधायला घेतली आणि बेलफास्टला पुरी होऊन १९६१ साली आपल्या नौदलात आली. त्या काळी तिकडच्या गोद्यांत नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळणं हा रिवाजच होता.

तंबाखूचा मुद्दा अर्धवट आहे. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही, न ओढणाऱ्यालाही तो होतो. फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगरेट एकत्र आली की धोका कित्येक पटींनी वाढतो. ओढत असाल तर आज सोडण्यातही फायदा आहे.

‘पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी’ अशी पुस्तीही कोणी जोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सगळे प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी सुटल्यावरही जपायला सांगितलं. पदार्थ निरुपद्रवी असता तर ही वेळ आली असती का?

दम लागत असेल, कोरडा खोकला हटत नसेल, छातीत पाणी झालं असेल, तर डॉक्टर आधी टीबीचा विचार करतात, आणि आपल्या देशात ते स्वाभाविकही आहे. त्यांना जहाजाची कल्पना नसते. कोणत्या जहाजावर होतात, कोणत्या साली, कोणतं काम केलंत, रिफिटच्या वेळी जहाजावरच राहात होतात का, हे कागदावर लिहून न्या आणि केसपेपरला जोडायला सांगा. वडील नौदलात होते आणि आता त्यांना नीट आठवत नसेल, तर सर्व्हिस बुक काढून ही यादी तुम्ही करा.