मराठेशाहीतले 'वकील' निरोपे नव्हते

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणाऱ्या एका मजकुरात तीन विधाने केलेली असतात: 'वकील' हा शब्द संस्कृत 'वाक्'पासून आला, त्याचा मूळ अर्थ न्यायालयात वाद घालणारा असा आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासातले वकील हे राजदूत नसून निव्वळ निरोपे होते.

'वाक्'पुढचा 'ईल' कोणत्या प्रत्ययाने आला, हे तो मजकूर सांगत नाही, आणि सांगताही येणार नाही. शब्द अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आला. सोपवणे, हवाली करणे हा त्याच्या धातूचा अर्थ, आणि वकालत, मुवक्किल, तवक्कुल हे शब्द त्याच कुळातले. इस्लामी परंपरेत 'अल्-वकील' हे ईश्वराचेही एक नाव आहे. ज्याच्यावर सारा भार टाकावा तो, असा त्याचा आशय असून वादविवादाशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक फसवे. पक्षकाराच्या वतीने उभा राहणारा वकील इस्लामी न्यायव्यवस्थेत होता. मात्र शब्दाचा तो एक उपयोग झाला. अकबराच्या बालपणी बैरामखान 'वकील' म्हणून राज्यकारभार पाहत होता, आणि १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून पेशव्यांसाठी मिळवलेले 'वकील-ए-मुतलक' हे पद तर साम्राज्याच्या मुखत्यारीचे होते. न्यायालयीन अर्थ वरचढ झाला तो पुढे, कंपनीच्या अदालतींत वकिली हा सनदी व्यवसाय बनल्यावर. बंगालमध्ये त्याचे नियम १७९३ मध्ये झाले.

तिसरे विधान तर कागदपत्रांना सरळ छेद देणारे आहे. पत्रे पोचवणाऱ्याला मराठेशाहीत जासूद म्हणत. वकील परक्या दरबारात धन्याच्या वतीने बोलणी करी, तिथल्या हालचाली कळवी आणि तहाच्या अटींवर घासाघीस करी. १६५९ मध्ये अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर आणि शिवाजी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ यांनी केलेली शिष्टाई भेटीपूर्वीच्या वाटाघाटीचीच होती. अठराव्या शतकात हिंगणे घराण्याने दिल्लीत पेशव्यांची वकिली सांभाळली, तर निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे नाना फडणविसांना राजकारणाची सविस्तर पत्रे लिहीत. याच कामासाठी शिवकालीन लिखाणात 'हेजीब' हाही शब्द येतो. तोही अरबीच, आणि मुळात राजाच्या दाराशी असणाऱ्या अधिकाऱ्याचा वाचक. त्याचे नाते 'वाक्'शी जोडण्याचा प्रयत्न मात्र अद्याप माझ्या पाहण्यात नाही.