गाडीला उठवता का कोणी?

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की इलेक्ट्रिक गाडीच्या अ‍ॅपमधलं एकच बटण कामाचं: बसण्याआधी एसी लावायचं. बाकी टायरमधली हवा, ब्रेक किती जोरात मारले, हे ते अ‍ॅप कोणी न विचारता सांगतं. भोचक मेलं!

आमची गाडी धरमपेठेतल्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये असते आणि तिथे रेंज नाही. वरून बटण दाबलं की गोल चक्र फिरत राहतं. फोन गाडीशी थेट बोलतच नाही ना! निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरकडे, तिथून गाडीतल्या सिमकडे. त्यात बराच वेळ उभी राहिली की गाडी 12 व्होल्टची छोटी बॅटरी वाचवायला चक्क झोपते. खाली मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली, पण बाईसाहेबांना उठवणं त्या छोटीच्या हाती. मे महिन्यातल्या दुपारी झोपते म्हणजे पक्की नागपूरकर झाली, एवढंच समाधान.

बर्डीच्या बाजारात मात्र रेंज भरपूर. परवा भर दुपारी दुकानातून बटण दाबलं आणि चक्क एसी लागला. ऐटीत बाहेर आलो, तर गाडीभोवती घोळका. इंजिनाचा आवाज नाही, आत माणूस नाही आणि पंखा घूं घूं करतोय. एक पोरगा काचेला नाक लावून मागची सीट तपासत होता.

"आत लेकरू तर नाही ना बे कोणाचं?"

"भाऊ, शॉर्ट सर्किट होऊन राहिलं वाटते. सरका सगळे!"

मी सर्व्हर, सिम, सगळं समजावलं. तेवढ्यात ठरलेली वेळ संपून एसी आपोआप बंद पडला.

"पुन्हा लावून दाखवा बरं," रसवंतीवाले काका म्हणाले.

बटण दाबलं. अ‍ॅपने मला बाहेर काढून ओटीपी मागितला. गाडी बायकोच्या नावावर, म्हणून ओटीपी तिच्या फोनवर. आणि ती माहेरी, अमरावतीला. फोन लावला.

"ओटीपी? कोणालाच सांगायचा नाही म्हणून तुम्हीच बजावलं होतं ना?"

"अगं, मी बोलतोय!"

"ते सगळे असंच म्हणतात," म्हणून तिने फोन ठेवला.