‘घरी बसलेल्या बायका’ आणि ३८चा आकडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांना,

नमस्कार. ‘घड्याळाने यांना वाचवलं’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, रात्रीची नाडी मिनिटाला ३८ दाखवली आणि त्यातून हृदयाच्या ठोक्यांचा दोष सापडला, असा तो लेख. तुमचं म्हणणं असं, की झोपेत नाडी मंदावतेच. मनगटावरचं घड्याळ हे वैद्यकीय उपकरण नव्हे. त्यातला प्रकाश मी लिहिला तसा लाल नसतो, हिरवा असतो. घड्याळाने दाखवलेला ३८ हा आकडा चूक होता हे मीच लिहिलंय, मग त्याला श्रेय कसलं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोठ्या अभ्यासातही घड्याळाच्या इशाऱ्यांपैकी ३४ टक्केच खरे ठरले. एका माणसाच्या अनुभवावरून जगाला सल्ले देऊ नयेत. आणि शेवटी हे वाक्य : ‘घरी बसलेल्या बायकांना या घड्याळांनी नवा उद्योग मिळवून दिला आहे.’

आधी माझी चूक. प्रकाश हिरवाच. नाडी मोजायला हिरवा, आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. माझा घोटाळा झाला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. दाखवून दिलंत, आभारी आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल.

साताऱ्यात ३१ वर्षं मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पण समजा नसतं शिकवलं, समजा जन्मभर नुसतं घरच सांभाळलं असतं, तरी काय बिघडलं? घरात रात्री कोण कण्हतंय, कुणाचा श्वास घरघरतोय, पोराचा ताप उतरला की नाही, हे आजवर उठून कुणी पाहिलं? तुमच्या घरी थर्मामीटर झटकून काखेत कोण लावत होतं? तेव्हा कुणी त्याला ‘उद्योग’ म्हणालं नाही. तुमचे बाकीचे मुद्दे बरोबर असोत की चूक, या एका वाक्याने तुम्ही ते मला नीट वाचू दिले नाहीत. हे वाक्य तुम्ही तुमच्या आईसमोर बोलला असतात का? बोलला असतात तर मला पुढे काहीच म्हणायचं नाही.

गणिताचं सांगितलं ते मिरवायला नाही. त्या रात्री तेच कामाला आलं.

यांचं वय ६३. घड्याळ मुलाने पुण्याहून आणलेलं. दोन महिने रात्रीचा सगळ्यांत कमी आकडा ५८ ते ६२च्या दरम्यान असायचा. मग गेल्या जुलैत एके सकाळी ३८ दिसला. झोपेत नाडी मंदावते हे मला तुमच्याकडून कळायला नको होतं. गाढ झोपेत ती पन्नाशीत येते, खेळाडूंची चाळिशीत सुद्धा उतरते. उशिरा जेवलं, दारू घेतली, अंगात ताप असला तर उलट चढलेली राहते. पण मंदावणं म्हणजे उतार असतो. यांच्या आलेखात उतार नव्हता, पायरी होती. ७६, ७६, ७५, आणि एकदम ३८. वीस मिनिटं ३८, की पुन्हा ७६. बरोब्बर निम्मे! एखादी संख्या अशी नेमकी निम्म्यावर येते तेव्हा मी वहीत आधी हेच शोधायचे, की पोराने मोजताना एक सोडून एक तर घेतलं नाही ना.

पट्टा सैल असेल असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या रात्री पट्टा एक भोक घट्ट केला आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवलं. तिसऱ्या रात्री हात बदलला, आणि हात उशीखाली दबला जाऊ नये म्हणून मी जागी राहिले. तीन वाजून दहा मिनिटांनी आकडा पडला. घड्याळाच्या खालून तो हिरवा उजेड चादरीवर लुकलुकत होता. मी यांच्या दुसऱ्या मनगटावर तीन बोटं ठेवली. एक ठोका, मग लांबलचक पोकळी, मग पुढचा ठोका. मोबाइलवर वेळ लावून मोजले, अर्ध्या मिनिटात १९. मग छातीवर कान टेकवला. तिथे ठोके जोडीने येत होते : धप-धप, थांबा, धप-धप, थांबा. अर्ध्या मिनिटात ३८. छातीत ३८ आणि मनगटात १९! हे जागे झाले, “काय गं?” म्हणाले. मी म्हटलं, “काही नाही, झोपा.” सकाळपर्यंत माझा डोळा लागला नाही.

तुम्ही म्हणता, आकडा चूक होता. हृदयाचे ठोके म्हणून चूकच होता. पण घड्याळ हृदय पाहतच नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो प्रकाश शोषतं. दर ठोक्याला मनगटात रक्त भरतं आणि ओसरतं, तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, तेवढंच ते मोजतं. यांचा प्रत्येक दुसरा ठोका वेळेआधी पडत होता. हृदय पुरतं भरायच्या आत आकुंचन पावलं, तर ढकलायला त्यात पुरेसं रक्त नसतं आणि ती लाट मनगटापर्यंत पोचत नाही. घड्याळाने पोचलेल्या लाटा मोजल्या आणि त्या ३८च होत्या. माझ्या बोटांनाही मिनिटाला ३८च लागल्या. मग माझी बोटंही चूक का?

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी तुमच्यासारखंच सांगितलं. खेळणं आहे, काढून ठेवा. ईसीजी काढला, नॉर्मल आला. तो दहा सेकंदांचा असतो आणि तो काढला दिवसा अकरा वाजता. दुसऱ्या डॉक्टरांनी माझी वही शांतपणे पाहिली आणि होल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावला. छातीवरचे केस काढून चिकटपट्ट्या, कमरेला यंत्र, २४ तास आंघोळ नाही, आणि कधी जेवलो, कधी झोपलो त्याची नोंद. रिपोर्टमध्ये एकूण ठोके सुमारे ९८ हजार आणि त्यांतले १९ हजार अवेळी, विशेषतः रात्री दोन ते पाचमध्ये आणि दुपारच्या झोपेत. डॉक्टर त्यांना व्हीपीसी म्हणाले, आणि एक सोडून एक पडतात त्याला बायजेमिनी. असे थोडे ठोके पुष्कळांना पडतात आणि त्याने काही होत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. पण पाचातला एक अवेळी पडत असेल, तर वर्षानुवर्षांत हृदयाचा स्नायू ढिला पडू शकतो. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, पोटॅशियम आणि थायरॉइड तपासलं. एको चांगला निघाला. एक गोळी चालू आहे.

स्टॅनफर्डबद्दल. अभ्यासाचं नाव घेतलंत तर तो पूर्ण सांगायचा होता. ॲपलच्या घड्याळावरचा तो अभ्यास २०१९च्या नोव्हेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ४,१९,२९७ लोकांपैकी इशारा गेला २,१६१ जणांना, म्हणजे हजारात पाचांना. अशा इशाऱ्यांनी दवाखान्यांत रांग लागते म्हणता, ती ही रांग! तुमचे ३४ टक्के हे छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून ती परत पाठवलेल्या ४५० जणांमधले, आणि ती पट्टी इशाऱ्यानंतर काही दिवसांनी लावलेली. इशारा होता तो एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा, आणि तो विकार येतो-जातो. पट्टी अंगावर असतानाच घड्याळाने इशारा दिला, तेव्हा ८४ टक्के वेळा तोच विकार पट्टीवरही दिसला. हा आकडा तुमच्या प्रतिक्रियेत का नाही?

एक गोष्ट मूळ लेखात लिहिली नव्हती. माझे वडील १९९४ साली कराडच्या घरी झोपेत गेले. त्याआधी वर्षभर ते म्हणायचे, रात्री छातीत पाखरू फडफडतं. आम्ही त्याला वात म्हटलं, ओवा-सैंधव दिलं. वैद्यही वातच म्हणाले. आई त्यांच्या शेजारी झोपायची, तिने किती वेळा त्यांच्या छातीवर हात ठेवला असेल. पण तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं, ना आकडा, ना आलेख. ती तुमच्या भाषेतली घरी बसलेली बाई, तिचं ऐकणार कोण? माझ्याकडे आकडा होता म्हणून मला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता आलं. हे तुम्हाला भावनिक वाटेल. वाटू दे.

बाकी मुद्द्यांना फार शब्द खर्च करत नाही. घड्याळाने झोप उडते, खर्च वाढतो, हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘एका माणसाचा अनुभव’ म्हणता, तर तो एक माणूस माझ्या घरातला आहे. आणि सगळ्यांनी होल्टर लावा असं मी लेखात कुठेच म्हटलेलं नाही. आलेखात पायरी दिसली, ती तीन-चार रात्री पुन्हा दिसली, तर स्वतः नाडी मोजा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा, एवढंच लिहिलंय. चक्कर आली, शुद्ध गेली, छातीत दुखलं तर वही सुद्धा नको, तडक दवाखाना गाठा.

मथळा बदला अशी तुमची सूचना आहे. ‘वाचवलं’ हा शब्द तुम्हाला खोटा वाटतो. हिरव्या प्रकाशाची दुरुस्ती केली, पण मथळा तोच राहील. पुढचा होल्टर जानेवारीत आहे, अवेळी ठोके १९ हजारांवरून किती खाली आले ते इथेच लिहीन.